गोटीराम बापूंचं नाक

नाशकात हल्ली चूक सांगायलासुद्धा नंबर लावावा लागतो. गंगापूर रोडला, फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी स्वतःचा धंदा उभा करणारी पोरंपोरी जमतात. आमच्या वेळी त्यांना धंदेवाले म्हणायचे, आता फाउंडर म्हणतात. म्हणू द्या, आपलं काय जातंय. कुणी बेदाणे घरपोच पाठवतं, कुणी द्राक्षबागेवर ड्रोन उडवतं, कुणी परदेशी गेलेल्या लेकरांच्या आईबापांना दवाखान्यात नेऊन आणायची सोय करतं. हे सगळं जमवून आणतो महेश. दोन धंदे बुडवून तिसऱ्यात तरलेला माणूस, त्यामुळे त्याचा नियम एकच. इथं फुशारकी मारायची नाही. प्रत्येकानं आपली एक चूक सांगायची, त्यातून काय शिकलो ते सांगायचं आणि खाली बसायचं. दहा मिनिटं झाली की महेश देवघरातली घंटा वाजवतो. मग बटाटेवडे आणि चहा.

त्या शनिवारी महेशनं पहिलंच नाव घेतलं तेजस्विनीचं. "हिचा बापूंचा किस्सा ज्यांनी ऐकला नाही, त्यांनी वडे नंतर खा," असं तो म्हणाला आणि मागची मंडळी खुर्च्या ओढत पुढं सरकली.

तेजस्विनी गांगुर्डे, वय चौतीस, ‘राखण’ नावाच्या कंपनीची मालकीण. अंबडला ऑफिस, हाताखाली चौदा माणसं. माल सडू लागला की इशारा देणारे तिचे डबे आज पार गुजरातेतल्या कोल्ड स्टोरेजपर्यंत लागलेत. सगळं छान चाललंय म्हणायचं. आणि तरी दर गुरुवारी सकाळी ती कपात चहा ओतते आणि तसाच गार होऊ देते. का, ते सांगतो.

त्यासाठी आधी चाळ समजून घ्या. मुंबईची नव्हे, आमच्याकडची, कांद्याची. उन्हाळ्यात काढलेला कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा तर त्याला चहूबाजूंनी वारा लागावा लागतो. म्हणून जमिनीपासून हातभर उंच, फटीफटींच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची लांबलचक खोली बांधतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की आत कुठंतरी एखादा कांदा सडतो, तो शेजारच्याला धरतो, आणि वेळीच कळलं नाही तर निम्मी चाळ हातची जाते. कळतं ते फक्त वासानं. चांदवडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला भोरदरी नावाचं गाव आहे. तिथल्या गोटीराम बापूंसारखं नाक पंचक्रोशीत दुसरं नव्हतं.

बापू चाळीच्या दारात उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "उगवतीच्या अंगाला, खालून दुसरा थर. आजच काढ, उद्यावर नको टाकू." काढायला घेतलं की सड तिथंच सापडायची. कांदा लासलगावला न्यायचा की अजून ठेवायचा, हे ठरवायच्या आधी लोक बापूंना चाळीत फिरवून आणायचे, लग्नाची तिथी काढायच्या आधी भटजीला विचारतात तसं. बापू कुणाकडून दमडी घेत नसत. चहा मात्र घ्यायचे, आणि तो दुप्पट साखरेचा लागायचा.

आता यातली खरी मेख ऐका. आपल्या चाळीत सड लागली, हे आमच्याकडं कुणी तोंडानं म्हणत नाही. ज्याला लागली तो तांबडं फुटायच्या आत सडका कांदा पाटीत भरतो आणि ओढ्याला टाकून येतो. वाटेत कुणी भेटलंच, तर भेटणारा पाटीकडं बघत नाही. "हवा बदलली जरा," एवढंच म्हणतो. पाटीवाला म्हणतो, "बदलली खरी." संपलं. व्यापाऱ्याच्या कानावर जाऊ नये, हे त्यामागचं एक कारण. पण मला विचाराल तर ते कारण दुय्यम आहे. वर्षभर राबून घरात आणलेल्या मालाची घाण झाली, हे राबणाऱ्याला चारचौघांत कशाला ऐकवायचं? नाकासमोर दिसतंय ते काय त्याला दिसत नाही? बापूसुद्धा मालकाच्या कानाशी लागून सांगायचे. मोठ्यानं कधी म्हणून बोलले नाहीत.

तेजस्विनीला ही रीत माहीत नव्हती असं नाही. तिचे वडील चांदवडला शाळेत क्लार्क होते, शेती नव्हती, पण मामाची चाळ होती आणि मे महिन्याच्या सुट्ट्या त्या चाळीच्या सावलीत गेलेल्या. पुढं ती नाशकात इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून परत आली. डोक्यात एक डबा होता. चाळीत टांगायचा डबा. हवेतला ओलावा आणि सडक्या कांद्यातून निघणारा वायू ओळखायचा आणि मालकाच्या फोनवर निरोप धाडायचा. तो डबा घेऊन ती गावोगाव हिंडली. लोकांनी चहा पाजला, चौकशी केली, कुणाची कोण ते विचारलं, आणि डबा काही घेतला नाही.

भोरदरीत तर तिची पुरती टिंगल झाली. ज्या गावात बापूंचं नाक, तिथं डब्याला कोण विचारणार? "मशीनला नाक फुटलं काय?" असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि सगळा पार हसला. बापूही तिथंच बसले होते. कोरोनाच्या दुखण्यातून नुकते उठलेले, सदरा खांद्यावरून सैल झालेला. ते उठले, डबा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, आणि म्हणाले, "लाव माझ्या चाळीत."

पारावरची मंडळी एकमेकांकडं बघू लागली. ज्याला गरज नाही त्यानंच डबा घेतला म्हटल्यावर बाकीच्यांनी मागं कसं राहायचं? महिन्याभरात भोरदरीत एकोणीस डबे लागले, आणि तिथून पुढं चांदवड ते लासलगाव बोलबाला झाला. तेजस्विनीनं एकदा बापूंना विचारलंही होतं, "तुम्हाला हो कशाला हवा होता डबा?" बापू हसले होते. "लेक उन्हाची वणवण फिरत होती. म्हटलं, सावलीला बसव तिला."

ते दोन हंगाम म्हणजे तेजस्विनीच्या आयुष्यातलं सोनं. दर गुरुवारी ती भोरदरीला जायची. गाडीचा आवाज ऐकला की आतून बापूंची हाक यायची, "तेजे, आली का गं?" कुसाबाई, म्हणजे बापूंची बायको, चुलीवर चहाचं आधण ठेवायची. पहिल्या दिवशी तिनं पाहुण्यांची कपबशी काढली होती, निळ्या फुलांची, ट्रेमध्ये ठेवून. तेजस्विनीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मावशी, मला आपली वाटी द्या. घरी मी वाटीतच पिते." खोटं नव्हतं ते, आईनं लावलेली सवय. कुसाबाईला इतकं बरं वाटलं की त्या दिवसापासून फडताळातली एक स्टीलची वाटी तिच्या नावाची झाली. चटका बसायचा बोटांना, पण तो चहा ती अजून शोधतेय.

तेव्हा डबेवाल्या सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, ‘चाळकरी’ नावाचा. सहाशे बारा माणसं. रोज सकाळी सहाला त्यात बापूंचा आवाज यायचा. "रामराम मंडळी. आज हवा दमट हाय. ताडपत्र्या वर घ्या, वारं खेळू द्या. आन् पोरांना शाळेत धाडा." शेवटचं वाक्य रोजचं. लोक तो आवाज ऐकून उठायचे. कुणाचा बैल आजारी, कुणाच्या पोरीची दहावी, सगळं तिथं यायचं. हल्ली ज्याला कम्युनिटी म्हणतात आणि जी बांधायला लोक शिबिरं घेतात, ती त्या पोरीच्या पदरात आपसूक पडली होती. आणि आपसूक पडलेल्या गोष्टीची माणसाला किंमत नसते, हे काय मी तुम्हाला नव्यानं सांगायचं?

नडलं ते शहाणपण. तीन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत कुणीतरी मोठ्या शहरातला गृहस्थ येऊन सांगून गेला की लोक जोडायचे तर लपवाछपवी नको, सगळं सगळ्यांना दिसलं पाहिजे, त्यातून विश्वास वाढतो. तेजस्विनीला ते पटलं. तिनं डोकं लढवलं. डब्याचा इशारा एकट्या मालकाला जातो, त्यापेक्षा तो अख्ख्या ग्रुपला गेला तर? शेजारीपाजारी मदतीला धावतील. एकमेकांची चाळ एकमेकांनी राखायची, कंपनीचं नावच ‘राखण’. रीत तिला आठवली नाही का? आठवली. पण ती रीत जुन्या काळची, अविश्वासातून आलेली, आता आपण नवं काहीतरी करतोय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. भोरदरीला जाऊन बापूंना एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना मुद्दाम चकित करायचं होतं.

ऑगस्टातला सोमवार. सकाळी पावणेसहाला डब्यांमधून पहिला उघड निरोप निघाला आणि सहाशे बारा फोनवर एकदम वाजला: ‘गोटीराम बापू, भोरदरी. डाव्या हाताची चाळ. सड सुरू.’

सहा वाजले. बापूंचा रामराम आला नाही. ग्रुपवर कुणी काही लिहीना. साडेसहाला भोरदरीच्याच दत्तूनं लिहिलं, ‘बापूंच्या नाकाला सर्दी झाली काय?’ आणि खाली हसरे चेहरे, एकाखाली एक. त्यात व्यापारीही होते, त्यांनीही हसून घेतलं. तेजस्विनीनं डब्याचा निरोप पुसला, पण पुसून काय होतं? गावात एकदा गेलेलं तोंडोतोंडी जातं.

संध्याकाळी चांदवडला येणाऱ्या एका माणसाच्या हाती बापूंनी डबा परत पाठवला. स्वच्छ पुसलेला, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. सोबत शिवी नाही, निरोप नाही. दिवाळीपर्यंत पंचक्रोशीतले बाकीचे डबेही आले. ग्रुप फोनवर अजून आहे. त्यात आता खतांच्या जाहिराती येतात.

ती माफी मागायला गेली नाही असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी गेली, मग पुन्हा गेली, मग दर सणाला. बापू ओट्यावर यायचे. "या मॅडम, बसा." आतून ट्रे यायचा, निळ्या फुलांची कपबशी, बशीत दोन बिस्किटं. ती रडायला लागली तर बापू म्हणायचे, "असू द्या मॅडम. झालं गेलं गंगेला मिळालं." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या, काठी उगारली असती, तरी तिनं आनंदानं सोसलं असतं. पण ते आदरानं बोलायचे. आणि गाडीपर्यंत पोचवायला यायचे, पाहुण्याला पोचवतात तसे. तिला त्या घराची ओढ अशी लागून राहिली की अंबडच्या ऑफिसात कुणी कांदा चिरला तरी ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. ‘तेजे’ ही हाक तिला आणखी एकदा ऐकायची होती. बाकी काही नको होतं. गेल्या वर्षापासून तर तिनं जाणंही सोडलं, कारण कपबशी बघवत नव्हती.

आता त्या शनिवारकडं वळू.

तेजस्विनी उभी राहिली आणि तिनं किस्सा सांगितला. तीन वर्षांत पुणे झालं, हैदराबाद झालं, चाळीसेक वेळा सांगून किस्सा चांगला घोटला होता. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. बापूंची नक्कल तर अशी करायची की डोळ्यांपुढं म्हातारा उभा राहावा. डोळे मिटून, मान वर करून, नाकपुड्या फुलवून, "उगवतीच्या अंगाला, खालून दुसरा थर." लोक हसले. मग सहाशे बारा फोन वाजले, लोक आणखी हसले. मग धोतराच्या तुकड्यातला डबा आला आणि हॉल शांत झाला. शेवटी तिनं नेहमीचं वाक्य घेतलं, "तेव्हापासून आमच्या कंपनीत एकच नियम आहे. आधी माणसाचा मान, मग माहिती." घंटा वाजायच्या आत संपलं. टाळ्या पडल्या. एकानं ते वाक्य फोनमध्ये लिहून घेतलं.

वड्यांच्या टेबलापाशी एक विशीची मुलगी तिची वाट बघत उभी होती. हातात प्लेट नव्हती. "मी सृष्टी," ती म्हणाली. "इथंच इंजिनिअरिंगला आहे. भोरदरीची. गोटीराम बापूंची नात."

तेजस्विनीच्या हातातला वडा हातातच राहिला. तिनं या मुलीला शाळेच्या गणवेशात बघितलं होतं, दोन वेण्या होत्या तेव्हा.

"छान सांगता तुम्ही," सृष्टी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आजोबांनी पण ऐकलंय. गेल्या वर्षी कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता त्यांना. दोनदा बघितला. नक्कल चांगली जमती म्हणाले, आणि फोन पालथा घालून ठेवला."

"सृष्टी, मी—"

"आमच्या चाळीत सड लागली ते तेव्हा सहाशे लोकांना कळलं. आता तुम्ही गावोगाव सांगताय. तुम्ही नियम कुठला म्हणालात? आधी मान." ती थांबली, इकडंतिकडं बघितलं आणि जवळ सरकली. पुढचं जे बोलली ते फक्त तेजस्विनीलाच ऐकू गेलं. "तुम्हाला अजून माहीत नाही, म्हणून सांगते. आणि हे तरी स्टेजवर नेऊ नका. आजोबांना वास येत नाही. कोरोना झाला तेव्हाच गेला, तो परत आलाच नाही. घरात आम्ही तिघंच जाणतो. तुमचा डबा त्यांनी दया म्हणून घेतला नव्हता, ताई. तो त्यांचं नाक होता. डबा हळूच त्यांच्या फोनवर सांगायचा, आणि ते उठून दारात डोळे मिटून उभे राहायचे. दुसऱ्यांच्या चाळीत जाताना आजी सोबत असायची, ती हळूच खुणावायची."

तेजस्विनीनं वडा टेबलावर ठेवून दिला.

"त्या दिवसानंतर त्यांना कुणी चाळीत बोलवत नाही. स्वतःच्या चाळीतली सड कळली नाही, तो दुसऱ्याची काय सांगणार, असं झालं. डबा गेल्यावर घरच्या चाळीतलंही आजीच वास घेऊन सांगायची त्यांना. उन्हाळ्यात तिचा खुबा मोडला, आता ती चाळीपर्यंत चालू शकत नाही. मी शनिवार-रविवार जाते, परीक्षा असली की तेही जमत नाही. डबा परत लावू म्हटलं तर जेवणावरून उठून जातात." सृष्टीनं पर्स खांद्याला अडकवली. "तुम्ही या, असं मी म्हणत नाहीये. फक्त पुढच्या वेळी नाकपुड्या फुलवून दाखवाल ना, तेव्हा आठवा."

ती जिना उतरून गेली. महेश चहा घेऊन आला आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात मनमाडची काही पोरं येणारेत, त्यांना हा किस्सा ऐकवूच. तेजस्विनीनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. तिला उभ्या उभ्या स्वतःची शिसारी आली होती. एक चूक एकदा झाली, ती चूक म्हणू. तीच चूक माइक हातात घेऊन चाळीस वेळा केली, वर टाळ्या घेतल्या, आणि तिलाच धडा म्हणत राहिले. याला काय म्हणायचं?

गुरुवारी ती भोरदरीला निघाली. नवा डबा गाडीत घेतला होता, छोटा, आवाज न करणारा. चांदवडचा घाट चढताना तिनं तो बघितला आणि मागच्या सीटखाली सरकवला. घरासमोर गाडी थांबली तेव्हा आतून हाक आली नाही. बापू ओट्यावर आले. सदरा आणखी सैल झाला होता.

"या मॅडम. बसा."

कुसाबाई आत खाटेवर होती. तिनं तेजस्विनीचा हात धरून ठेवला. चहा आता बापूच करायचे. त्यांनी फडताळ उघडून ट्रे काढला, निळ्या फुलांची कपबशी काढली, फडक्यानं पुसली.

"चहा नंतर घेते, बापू," तेजस्विनी म्हणाली. "आधी चाळ बघू द्या ना."

"चाळीत काय बघायचं? कांदा हाय." बापूंचा हात कपावरच होता. पण घरी आलेल्या बाईमाणसाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते पुढं झाले.

डाव्या हाताची चाळ. तीच. बापूंनी दार उघडलं, उंबऱ्यात उभे राहिले आणि डोळे मिटले, मान थोडी वर केली. तेजस्विनी त्यांच्या मागं उभी होती. चाळीस वेळा तिनं जे करून दाखवलं होतं ते तिच्यापुढं चाललं होतं, आणि आता तिला दिसत होतं की म्हातारा वास घेत नाहीये. तो नुसता वाट बघत उभा आहे, कधीतरी परत येईल म्हणून.

"ठीक हाय," बापू म्हणाले.

ठीक नव्हतं. आत चार पावलं टाकल्यावर तिला तो वास आला, गोडसर, जडसर, मावळतीच्या कोपऱ्यातून. ती वाकली, फटीला नाक लावलं. खालचा थर. मामाच्या चाळीत शिकलेलं सगळं आठवलं, आणि त्याबरोबर ती रीतही. बापू दारातच उभे होते. ती परत त्यांच्याजवळ आली, पार कानाशी, आणि म्हणाली, "बापू, मावळतीच्या कोपऱ्यात हवा बदललीये जरा. खालच्या अंगाला."

बापूंनी दाराची कडी चाचपली. तिच्याकडं बघितलंही नाही. मग म्हणाले, "कुणी सांगितलं तुम्हाला?" चाळीबद्दल विचारत नव्हते, हे दोघांनाही कळत होतं.

"कुणी नाही. मला आपलं वाटलं."

"बदलली खरी," बापू म्हणाले, आणि पाटी आणायला गेले.

दोघांनी मिळून कोपरा उसवला. वरचा चांगला कांदा बाजूला, मग खालचा, मग तो. वीस-पंचवीसच होते, आणखी आठवड्यानं पाच क्विंटल झाले असते. तिचे हात कोपरापर्यंत बरबटले. शेवटचे कांदे पाटीत पडत होते तोच रस्त्यावर फटफटी थांबली. दत्तू. आता उन्हं वर आली होती, झाकायला अंधार नव्हता, आणि त्या ऑगस्टपासून भोरदरीत रीतही पहिल्यासारखी उरली नव्हती. एकदा उघड हसायची सोय झाली की माणसं ती सोडत नाहीत.

"काय बापू," दत्तू कुंपणावरून म्हणाला, "यंदा पण सर्दी का?"

बापू खाली बघत कांदे निवडत राहिले. कान लाल झाले होते.

तेजस्विनी उभी राहिली. "दत्तूभाऊ, बरं झालं भेटलात," ती मोठ्यानं म्हणाली, शेजारच्या दोन चाळींत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आमचा नवा डबा आणून बघितला इथं. त्याला कळलं नाही. बापूंनी दारातून सांगितलं, मावळतीच्या अंगाला, खालचा थर. एवढं लवकर धरलं की पंचवीस कांद्यांवर निभावलं. मशीन हरलं बघा. मी तर शिकायला आलेय."

दत्तूनं पाटीकडं बघितलं, खरंच पाव पाटीच होती. मग तिच्याकडं बघितलं. कंपनीची मालकीण स्वतःच्याच डब्याला नावं ठेवतेय म्हटल्यावर तो काय बोलणार? "असं का," म्हणाला. गाडी सुरू करून थोडा पुढं गेला आणि पाय टेकून परत वळला. "बापू, सवड झाली तर उद्या आमच्याकडं चक्कर टाका. हवा... जरा बदलल्यासारखी वाटती."

फटफटी गेली. बापू हातातला कांदा फिरवत बसले होते, चांगला कांदा, कुठं डाग नाही.

"खोटं बोललीस," ते म्हणाले.

"हो."

"उद्या त्याच्या चाळीत मी काय करू?"

"मी येते. मागं उभी राहीन."

पाटी उचलून बापूंनी डोक्यावर घेतली आणि ओढ्याकडं गेले. ती तिथंच थांबली. सोबत येऊ का विचारावंसं वाटलं, पण ती वाट एकट्यानं चालायची असते. ते परत आले तेव्हा तिनं कोपरा झाडून ठेवला होता. दोघांनी नळावर हात धुतले. ‘तेजे’ म्हणतील, आता म्हणतील, असं तिला ओट्यापर्यंत वाटत राहिलं. ते म्हणाले नाहीत. त्या हाकेसाठी ती पायरीवर रेंगाळली, मग खाली मान घालून बाहेरच्या खाटेवर बसली, पाहुण्यांच्या जागी.

आत चहा उकळत होता. कुसाबाईचा आवाज आला, "अहो, मॅडमला ट्रेमधून न्या, बिस्किटं डब्यात आहेत."

मग फडताळ उघडल्याचा आवाज आला. कपबशी एकावर एक ठेवल्याचा, आत सरकवल्याचा. काहीतरी शोधताना भांडी खणखणली.

"कपबशी नको," बापू आत म्हणाले. "ती वाटीत पिती."

वाटी मागच्या कप्प्यात पडली होती, तीन वर्षांची धूळ त्यांनी सदऱ्यानं पुसली असावी, कारण कडेला कांद्याचं एक साल चिकटलं होतं. काठोकाठ भरलेली वाटी त्यांनी तिच्या हातात दिली. बोटं भाजत होती. तिनं ती खाली ठेवली नाही.